आदल्या संध्याकाळची बाटली

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. लॅबमध्ये सगळे मला सुमनताई म्हणतात, आणि पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. पण माझ्या कामात कुणी खोट काढलेली नव्हती. निदान त्या गुरुवारपर्यंत तरी नव्हती.

चाकणच्या या लॅबमध्ये येण्याआधी चौदा वर्षं मी भोसरीत एका प्लेटिंगच्या कारखान्यात होते. लोखंडी पार्टांवर जस्ताचा नाहीतर निकेलचा मुलामा चढवायचं काम तिथं चालायचं, आणि टाक्यांमधलं पाणी तपासायला एक छोटी लॅब होती. तिथं एक रीत होती. आपली शिफ्ट संपली की पुढच्या माणसाचं टेबल लावून द्यायचं. बाटल्या भरून, काच धुऊन, द्रावणं तयार करून. येणाऱ्यानं ॲप्रन चढवायचा आणि कामाला लागायचं. कुणी रिकामं टेबल टाकून गेला तर त्याच्याशी दोन दिवस कुणी धड बोलत नसे. ती रीत माझ्या अंगात भिनली आहे, त्याला माझा इलाज नाही.

इथं काम वेगळं. इथं प्रोटीन तपासतात. हॉस्पिटलांमधून, संशोधन करणाऱ्यांकडून सॅम्पल येतात, आम्ही त्यातलं प्रोटीन काढतो आणि रिपोर्ट देतो. मी एमएस्सी-बिएमएस्सी काही नाही, बारावी सायन्स आणि हातातली सवय. काच, द्रावणं, पीएच बघणं, फ्रीझरची नोंद हे माझ्याकडे. महिन्याभरापूर्वी काम वाढलं म्हणून दोन शिफ्टा सुरू झाल्या. सकाळी सात ते तीन उझ्मा, दुपारी एक ते नऊ मी. मधले दोन तास दोघी एकत्र.

उझ्मा निघोजेची. वडील बरकतभाई, तळेगाव रोडला त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे. पोरगी एमएस्सी झालेली, बारीक अंगाची, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. पाच महिने तिनं रेकॉर्ड रूममध्ये आणि काच धुण्यात काढले आणि सहाव्या महिन्यात तिला टेबल मिळालं. सहा महिन्यांची मुदत शनिवारी संपणार होती. मुदत संपली की कायम करायचं नाहीतर घरी पाठवायचं, हे आमच्या प्रज्वल सरांच्या हातात होतं.

आता ती बाटली काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. प्रत्येक पेशीत प्रोटीन कापणारे एन्झाइम असतात. पेशी शाबूत आहे तोवर ते आपापल्या जागी गप असतात. पण तपासायला पेशी फोडली की ते मोकाट सुटतात आणि आपल्याला हवं असलेलं प्रोटीनच कापून ठेवतात. म्हणून सगळं काम बर्फात करायचं, आणि ज्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरवून केलेल्या द्रावणात, पेशी फोडायची त्यात त्या एन्झाइमना रोखणारं रसायन घालायचं. इनहिबिटर म्हणतात त्याला. आम्ही वापरतो ते पीएमएसएफ. अल्कोहोलात विरघळवून छोट्या नळ्यांमध्ये भरलेलं, फ्रीझरमध्ये ठेवलेलं, आणि विषारी.

विषारी म्हटल्यावर मला वाटलं, नवी पोरगी आहे, तिला कशाला हात लावू द्या. मी भोसरीत सायनाइडच्या टाकीशेजारी उभी राहून काम केलंय, मला काय त्याचं. म्हणून मी संध्याकाळीच बफर करायची, पीएमएसएफ मापून घालायची, बाटलीवर ‘सर्व घातले आहे, सुमन’ अशी चिठ्ठी लावायची आणि टेबलावर तिच्या जागी ठेवून द्यायची. बर्फाचा डबा, पिपेटच्या टिप्स, ट्यूबचं स्टँड सगळं शेजारी. सकाळी पोरीनं यावं आणि नुसतं सुरू करावं.

पहिल्या आठवड्यात सरावाची सॅम्पल होती, ती छान निघाली. त्याच आठवड्यात एक दिवस दुपारी मी फ्रीझर उघडला तर पीएमएसएफची नळी अर्धी झालेली. मी तिला विचारलं, “हे कमी कसं झालं?”

“ताई, मी सकाळी परत घातलं,” ती म्हणाली.

“परत म्हणजे? मी घातलंय हे चिठ्ठीवर लिहिलेलं दिसत नाही?”

“दिसलं ताई. पण ते पाण्यात गेलं की…”

झालं. माझ्या डोक्यात सणक गेली. चौदा वर्षं कुणी माझ्या बाटलीत परत काही घातलं नव्हतं. मी तोंडाचा जो पट्टा सुरू केला तो पॅकिंगच्या पोरांनीही दारात येऊन ऐकला. माझ्यावर भरवसा नाही का, काल आलीस आणि मला शिकवतेस का, एवढंच असेल तर उद्यापासून तुझं तू कर. आणि मग स्वतःच म्हटलं, नाही, तू नको करूस, तू माझ्या बाटलीला हातच लावायचा नाहीस. ती मान खाली घालून उभी होती. “बरं ताई,” म्हणाली. मला वाटलं, चला, एकदा खडसावलं ते बरं झालं.

दुसऱ्याच आठवड्यात हॉस्पिटलचं सॅम्पल आलं. एका पेशंटच्या मांडीतला स्नायूचा तुकडा, गव्हाच्या दाण्याएवढे सहा भाग, सहा ट्यूबमध्ये गोठवलेले. त्या माणसाच्या स्नायूत एक मोठं प्रोटीन आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. पुन्हा तुकडा मिळणार नव्हता, पेशंटला दुसऱ्यांदा कापायला डॉक्टर तयार नव्हते.

प्रोटीन शाबूत असलं की जेलवर, म्हणजे प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या पातळ मऊ चकतीवर, निळ्या पट्ट्या दिसतात, वरपासून खालपर्यंत, मोठी प्रोटीन वर आणि लहान खाली. उझ्माच्या पहिल्या ट्यूबच्या जेलवर वर काहीच नव्हतं. खाली सगळा निळा राडा. प्रोटीनचे तुकडे तुकडे झाले होते. दुसरी ट्यूब तशीच. मग तिसरी, मग चौथी.

प्रज्वल सर ओरडणाऱ्यातले नाहीत. पिंपळे सौदागरहून गाडी चालवत येतात, ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकतात आणि तरी दारात आल्यावर हसून गुड मॉर्निंग म्हणतात. त्या बुधवारी ते हसले नाहीत. दुपारी दोन वाजता दोघींना टेबलापाशी बोलावलं.

“उझ्मा, बर्फात करतेस ना सगळं?”

“हो सर.”

“पीएमएसएफ असतं ना बफरमध्ये?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “घातलेलं असतं सर.”

“मी स्वतः घालते,” मी म्हटलं. “त्याची काळजी नको.”

“मग चुकतंय कुठं?” सरांनी विचारलं.

उझ्मा म्हणाली, “माझ्याकडूनच काहीतरी होत असेल सर.”

सरांनी जेलचे फोटो एकाखाली एक लावून पाहिले आणि फाइल मिटली. उद्या उझ्मानं रेकॉर्ड रूममध्ये बसावं आणि पाचवी ट्यूब सुमनताईंनी करावी, असं ठरलं. त्यांना बघायचं होतं की सॅम्पलच खराब आलंय की हात खराब आहे. सॅम्पल चांगलं निघालं तर शनिवारी काय होणार हे तिघांनाही कळत होतं. खरं सांगते, मला त्या पोरीची कीव आली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. आता बघा म्हणावं, बारावीवाल्या बाईचा हात कसा असतो ते.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखं टेबल लावलं. बफर केला, पीएमएसएफ घातलं, चिठ्ठी लावली. या वेळी ते टेबल माझ्यासाठीच होतं, एवढाच फरक.

गुरुवारी सकाळी दिघीच्या मॅगझिन चौकातून पहिल्या कंपनी बसनं आले. इतकं जपून काम मी लग्नात हळदीच्या दिवशीही केलं नसेल. ट्यूब बर्फातून बाहेर काढली नाही. तुकडा बफरमध्ये कुटला, तासभर बर्फात ठेवला, मशीनवर फिरवला, वरचं पाणी काढलं, जेलवर चढवलं. दुपारी जेल रंगातून धुऊन काढलं आणि दिव्यावर धरलं.

वर काही नाही. खाली निळा राडा.

मी ते जेल उलटं करून पाहिलं. मग परत सुलटं करून पाहिलं. जेलवरच शेजारच्या खणात नेहमीचं तपासणीचं प्रोटीन लावलेलं असतं, त्याच्या पट्ट्या अगदी स्वच्छ होत्या, म्हणजे जेलचा दोष नव्हता. आधी मनात आलं की सॅम्पलच नासकं आलंय, सरांना तसंच सांगावं. ते सांगितलं असतं तर माझी सुटका होती. पोरीचीही झाली असती कदाचित. पण सरावाच्या आठवड्यात तिची सॅम्पल कशी काय छान निघाली होती, हे डोक्यातून जाईना. तेव्हा तिनं असं काय केलं होतं जे नंतर केलं नाही?

ते मला माहीत होतं. जेल हातात घेऊन उभी असताना ते मला चांगलंच माहीत होतं. तरी मी रेकॉर्ड रूममध्ये गेले, कारण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

ती जुन्या फायलींवर नंबर टाकत बसली होती. मला बघून उभी राहिली.

“बस,” मी म्हटलं. “त्या दिवशी तू काय सांगत होतीस? पीएमएसएफ पाण्यात गेलं की काय होतं?”

ती बसली नाही. “मरतं ते, ताई. आपला बफर ज्या पीएचचा आहे त्यात बाहेर ठेवलं तर अर्ध्या-पाऊण तासात निम्मं उडतं. सकाळपर्यंत काहीच उरत नाही. म्हणून सॅम्पल टाकायच्या अगदी आधी घालायचं असतं.”

“म्हणजे तू पहिल्या आठवड्यात परत घालत होतीस ते…”

“तेच फक्त काम करत होतं.”

“मग बंद का केलंस?”

माझ्याकडे असं पाहिलं तिनं, की हा काय प्रश्न झाला. “तुम्ही हात लावू नको म्हणालात.”

देवा रे. मी खुर्ची ओढून बसले. “अगं पण सरांना सांगायचंस. चार ट्यूब गेल्या तुझ्या. नोकरी जायची वेळ आली. तोंड नाही का तुला?”

म्हणजे बघा, तेव्हाही मी तिलाच ओरडत होते.

“मी नवीन आहे, ताई. आल्या आल्या तुमचं नाव सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, चुगली केली. अब्बूंच्या गॅरेजमध्ये शिकणारा मुलगा गिऱ्हाइकासमोर उस्तादाची चूक काढत नाही. चूक दिसली तरी गप्प राहतो, मग नंतर बाजूला घेऊन सांगतो.” तिनं समोरची फाइल मिटली. “बाजूला घेऊन मी सांगत होते. तुम्ही ऐकलं नाही.”

माझ्या चांगुलपणानंच त्या पोरीचं वाटोळं होणार होतं, आणि चांगुलपणा तरी कसला, चारचौघांत ओरडून तिचं तोंड मीच बंद केलं होतं. मला लाज वाटली. पन्नाशीच्या बाईला अशी लाज वाटली की कानशिलं तापली. एक ट्यूब उरली होती आणि दोन दिवस उरले होते.

मी तिला म्हटलं, “चल.” ती कुठं म्हणून विचारत राहिली, मी तिच्या कोपराला धरून सरांच्या केबिनमध्ये नेलं. जेल टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, पाचवीही गेली, आणि पाचही माझ्यामुळे गेल्या. आदल्या संध्याकाळी घालते मी पीएमएसएफ. या पोरीनं मला सांगितलं होतं, मी तिला चारचौघांत झापलं. लिहून द्यायचं असेल तर लिहून देते.

सरांनी जेल उचलून दिव्याकडे धरलं आणि म्हणाले, “घातलं का असं मी विचारलं. कधी घातलं असं विचारलं नाही. ते मला विचारायला हवं होतं.” माझ्या मनात आलं, होय, हवंच होतं, पण या वेळी तोंड आवरलं.

“पण आता फक्त शब्दांवर शेवटची ट्यूब काढणार नाही,” ते म्हणाले. “आधी सिद्ध करा. कोंबडीच्या कलेजीत हे एन्झाइम भरपूर असतात. उद्या एक आदल्या संध्याकाळचा बफर, एक ताजा. दोन्ही कलेजीवर.”

शुक्रवारी सकाळी मी निघोज्यात गुलशनभाईच्या दुकानातून पावशेर कलेजी घेतली. बाकीची रांग बाजूला सारून ताजीच दे, आत्ता कापलेली दे, असा मी एवढा घोळ घातला की तो म्हणाला, “पाहुणे कोण येणारेत, वहिनी?” मी म्हटलं, “भावा, तू तोल.” लॅबमध्ये ती उझ्मानं बर्फात चिरली. तिचा हात मी पहिल्यांदाच नीट पाहिला. घाई नाही, सांडणं नाही. एका भागाला माझी आदल्या संध्याकाळची बाटली. दुसऱ्याला नुसता बफर, आणि कलेजी टाकायच्या आधी फ्रीझरमधून नळी काढून तिथल्या तिथं पीएमएसएफ. दुपारी जेल दिव्यावर धरलं. डाव्या खणात राडा, उजव्या खणात वरपासून खालपर्यंत पट्ट्या. इतक्या स्पष्ट की चष्म्याशिवाय मोजल्या मी.

“शाब्बास गं,” मी म्हटलं. ती जेलचा फोटो काढत राहिली.

शनिवारी सहावी ट्यूब तिनंच केली. मी लवकर येऊन शेजारच्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर धरून. ती मागेल ते द्यायचं, एवढंच माझं काम. सकाळभर ती तीनदा बोलली: बर्फ, नळी, घड्याळ बघा. सर दोनदा येऊन काचेतून बघून गेले. माझा जीव टांगणीला लागला होता. कारण ही गेली असती तर सर कितीही भले असले तरी हॉस्पिटलला तोंड दाखवायला कुणाचं तरी नाव पुढं करावं लागलं असतं, आणि ते माझ्यासारख्या कायम असलेल्या बाईचं नसतं.

तीनच्या सुमारास जेल निघालं. वरच्या बाजूला, जिथं पाच वेळा काही नव्हतं, तिथं एक पट्टी होती. जाड, निळी, आपल्या जागेवर. म्हणजे त्या माणसाच्या स्नायूत ते प्रोटीन होतं. आणि उझ्माचा हात चांगला होता. सरांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं की सोमवारी पत्र मिळेल, आणि यापुढं बफरची जबाबदारी तिची. पोरगी तोंडावर हात धरून मिनिटभर भिंतीकडे वळली. मी पण रडले, उगाच कशाला लपवू.

सुट्टी झाल्यावर कॅन्टीनमध्ये आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तिची बस यायला वेळ होता. मी दोन चहा आणि वडे आणले. मला वाटत होतं, आता ती म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं ते झालं. आपल्याकडे लहान माणसं असंच म्हणतात.

“राग आला असेल माझा,” मी म्हटलं.

“आहे,” ती म्हणाली.

मी चहाचा कप खाली ठेवला.

“तीन आठवडे मी घरी सांगत होते की काम चांगलं चाललंय. अब्बू गॅरेजमध्ये प्रत्येकाला सांगतात, माझी मुलगी चाकणला सायंटिस्ट आहे. आणि मला वाटायला लागलं होतं की खरंच माझा हात वाईट आहे. मला कारण माहीत होतं तरी असं वाटायला लागलं होतं. म्हणून राग आहे, ताई. जाईल. पण आत्ता आहे.”

एवढं सलग ती कधी बोलली नव्हती. मी म्हटलं, “बरं. असू दे. तुझं बरोबर आहे.” आणि मग जे मनात होतं ते बोलून टाकलं. “पण एक कर. यापुढं माझं काही चुकलं तर तोंडावर सांग. बाजूला नाही, नंतर नाही. तिथल्या तिथं.”

“तुम्ही ओरडाल.”

खोटं कशाला बोलू? “ओरडेन,” मी म्हटलं. “तरी सांग.”

तिनं वडा अर्धा मोडला, विचार केला, आणि म्हणाली, “मग आत्ताच एक सांगते. तुम्ही ट्यूब फार जोरात हलवता. फेस येतो. फेसानं प्रोटीन खराब होतं. हे मी पहिल्या दिवसापासून बघतेय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं मी बाटल्या अशाच हलवल्यात, हे शब्द दातांपर्यंत आले होते. पोरीनं वडा खाली ठेवला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ओरडायला तोंड उघडलं होतं ते मी मिटलं. मग परत उघडलं.

“कशी हलवू, दाखव,” मी म्हटलं.

तिनं टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, हळूच उलटी केली, हळूच सुलटी केली. मग माझ्या हातात दिली.